बायकांची खिडकी

आमच्या गावात स्टँडवरून रिक्षा केली की अजूनही 'टॉकीजपाशी सोड' एवढंच सांगायचं असतं. टॉकीज मार्च २०२० पासून बंद आहे. साथीमुळे राज्यातली सगळी थिएटरं बंद झाली त्या आठवड्यात आमच्याही टॉकीजचं शटर खाली आलं. त्या नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्या भरायची परवानगी मिळाली, मग पुन्हा बंदी, मग २०२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा परवानगी. आमचं शटर काही वर गेलं नाही. रिक्षावाले पोरगे विशी-बाविशीचे, त्यातल्या निम्म्यांनी आत पाऊलसुद्धा टाकलेलं नसेल. पण सोडतात बरोबर.

गाव तापीच्या खोऱ्यातलं, तालुक्याचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. टॉकीजच्या जागेचा दावा भाऊबंदांत चालू आहे, त्यातले दोघं माझ्या वर्गात होते आणि मला दिवाळीला अजून त्याच गावात जायचं असतं.

इमारत म्हणजे पुढून बघितलं तर दिमाखदार तोंड, कमानी, वर सिमेंटची कमळं. आणि मागे पत्र्याचं लांबलचक शेड. सरकीच्या गोदामाला कोणीतरी हौसेने दर्शनी भिंत बांधून दिली असावी, तसं. तिकिटाच्या खिडक्या तीन. थर्डच्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या खिडकीला लोखंडी नळ्यांचा अरुंद बोळ होता. त्यात माणसं मेंढरांसारखी कोंबलेली असायची आणि पैलवान पोरं लोकांच्या खांद्यांवरून सरपटत पुढे जायची. बाल्कनीच्या खिडकीशी गर्दी नसायची. तिथे डॉक्टर, कचेरीतले साहेब, अडत्ये. तिसरी खिडकी उजव्या अंगाला, बाजूच्या गल्लीत. वर निळ्या रंगात 'फक्त स्त्रियांसाठी'. त्यातला 'फक्त' पुसट झालेला.

या तिसऱ्या खिडकीला खिडकी म्हणायचं ते सवयीने. भिंत हातभर जाड, तिला छातीच्या उंचीवर अर्धचंद्रासारखं भोक, कडेने जस्ताची पट्टी. पैसे मुठीत धरून हात कोपरापर्यंत आत घालायचा. आतला माणूस पैसे काढून घ्यायचा, तिकिटं ठेवायचा, मग मूठ मिटून हात बाहेर. एक हात जेमतेम मावेल अशा भोकात एका वेळी चार-चार हात असायचे आणि प्रत्येक हातात डझनभर काचेच्या बांगड्या. त्या वाढायच्या. फुटल्या म्हणायचं नाही, एवढं शिक्षण आम्हाला धपाट्यांतून मिळालं होतं.

खेळ सुरू झाला की आम्ही पोरं त्या खिडकीखाली बसून काचा वेचायचो. हिरव्या भरपूर, लाल थोड्या, सोनेरी नक्षीची एखादी सापडली तर मारामारी. मेणबत्तीच्या ज्योतीवर काच धरली की ती मऊ होते. मग दोन्ही टोकं जुळवून कडी करायची, तिच्यात दुसरी अडकवायची. अशी साखळी दाराच्या चौकटीला तोरणासारखी लावतात. माझी एकदा चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरली होती. ती आख्खी टॉकीजच्या कमाईतली.

आत बायकांची बसायची जागा वेगळी. हॉलच्या उजव्या बाजूला लाकडी कठडा आणि त्यावर तारेला लावलेला जाड, मळकट पडदा. दिवे गेले की गेटकीपर मामा तो पडदा सर्रकन मागे ओढायचे. इंटरवलला दिवे लागायच्या आत पुन्हा पुढे. कधी त्यांचा अंदाज चुकायचा आणि एकदम लख्ख उजेडात पन्नासेक बायका डोळ्यांना पदर लावलेल्या दिसायच्या. थर्डमधून हशा. आम्ही सात-आठ वर्षांची पोरं आयांबरोबर कठड्याच्या आतच बसायचो, त्यामुळे तो हशा आमच्यावरही असायचा.

आई लग्न होऊन या गावात आली ते १९७५ साल. 'जय संतोषी माँ' त्याच वर्षीचा. आमच्याकडे यायला अर्थातच वेळ लागला. त्या पिक्चरची गोष्ट देशभर सारखीच सांगतात: बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, आरती सुरू झाली की पडद्याकडे नाणी फेकायच्या. आईही गेली, कारण आजीने परवानगी दिली, कारण पिक्चर देवाचा होता. त्यानंतर बरीच वर्षं आईने जो पिक्चर पाहिला तो घरी सांगताना देवाचाच असायचा. आजीला अक्षरओळख नव्हती आणि पोस्टर बघायला ती चौकात जायची नाही. पण मला वाटतं तिला सगळं कळत होतं. एकदा तिने आईला विचारलं होतं म्हणे, "तुमच्या देवाला फार मारामाऱ्या कराव्या लागतात का गं?"

आमच्याकडे पिक्चर भुसावळहून यायचा. मुंबईचा व्यवहार लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमधून चाले, पण वितरकांचा नकाशा निराळाच असतो. त्यात मराठवाडा 'निजाम'मध्ये आणि भुसावळ-अमरावतीचे वितरक 'सीपी-बेरार'मध्ये. सीपी-बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, निजामाचं राज्य त्याच्याही आधी. सिनेमावाल्यांच्या वह्यांत दोन्ही अजून आहेत. पॅसेंजरने रिळांच्या पत्र्याच्या पेट्या उतरायच्या, तिथून टांग्याने टॉकीजला. मुंबईत पिक्चर लागल्यावर आमच्याकडे पोचेपर्यंत सहा-आठ महिने, कधी वर्ष. तोवर प्रिंट इतक्या गावांतून फिरलेली असायची की पडद्यावर सतत ओरखड्यांचा पाऊस. चांगली गाणी मधूनच गायब. कुठल्या तरी गावच्या ऑपरेटरने ती कापून स्वतःकडे ठेवलेली असायची.

आमचे ऑपरेटर नाना. केबिनमध्ये बाहेरच्याला मज्जाव, पण नानांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं, कारण ते आमच्याच वाड्यात राहायचे. आत उभी दोन यंत्रं, प्रत्येकाच्या डोक्यावर धुराडं. दिवा म्हणजे बल्ब नव्हेच. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधल्या फटीत धगधगता पांढरा जाळ. नाना काळ्या काचेतून बघत बघत कांडी पुढे सरकवायचे. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो: दुसरं यंत्र चालू कर. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका: आता पडदा तिकडे दे. नानांनी मला तो ठिपका दाखवला आणि माझं पिक्चर बघणं कायमचं बिघडलं. हिरोची आई मरत असायची आणि मी कोपऱ्यात ठिपका शोधत असायचो. जळून उरलेली कांडीची थोटकं नाना मला द्यायचे. त्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, तो नखाने सोलून निघायचा. एका थोटकाला चार सोनेरी काचा, असा शाळेत भाव होता.

पिक्चर सुरू व्हायच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसायचं. त्यावरचा रिळांचा आकडा (तिथे रीळ हजार फुटांचं धरलेलं) वाचायला सगळं थिएटर टपलेलं. अठरा रीळ असले की थर्डमधून आरोळी उठायची. पैसे वसूल. चौदा असले की नानांच्या नावाने शिव्या, जशी रिळं त्यांनीच खाल्ली.

बायकांशिवाय हा धंदा चालत नाही, हे सिनेमावाल्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला, तिकीट एक रुपया. काही दिवसांतच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, दर चार आण्यांपर्यंत खाली आले आणि जाहिरातीत पडदानशीन बायकांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स असल्याचं छापलं गेलं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते साळुंके, म्हणजे पुरुष. फाळक्यांना त्यांच्या पुढच्या, 'मोहिनी भस्मासुर'च्या वेळी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला मिळाल्या. म्हणजे आपल्या पिक्चरमध्ये बाई दिसायच्या सतरा वर्षं आधी थिएटरात तिची जागा राखून ठेवलेली होती. आमच्या गावातलं ते मळकट पडदा लावलेलं कठड्याचं कुंपण त्याच जातकुळीतलं. कुंपण खरंच, पण त्या कुंपणात जायला आई आठवडा-आठवडा भाजीतले पैसे बाजूला काढायची. गल्लीतल्या सात-आठ जणी मिळून निघायच्या. देऊळ आणि हळदीकुंकू सोडलं तर घरच्या पुरुषांशिवाय तीन तास बसायची दुसरी जागा त्यांना गावात नव्हती.

मग टीव्ही आला. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ दर रविवारी सकाळी रामायण. नाना म्हणायचे, "त्या तासाभरात स्टँडवर कुत्रं फिरायचं नाही." पाठोपाठ गल्लीत वर्गणी काढून भाड्याने व्हिडिओ आणायची टूम, मग छत्र्या आणि केबल. तरी १९९१ चा 'माहेरची साडी' आमच्याकडे लागला तेव्हा आसपासच्या खेड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या. गल्लीतल्या खिडकीची रांग वळसा घेऊन पानटपरीपर्यंत. गेटकीपर मामांनी पुरुषांचा अर्धा हॉल बायकांना दिला, कारण पुरुष होतेच कुठे. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, काचा वेचायचं वय सरलेलं. पण खिडकीखाली हिरवा सडा पडला होता एवढं पाहिल्याचं आठवतं.

ती त्या खिडकीची शेवटची गर्दी.

पुढच्या दोन वर्षांत शेठजींनी सकाळी अकराचा खेळ सुरू केला. कुठल्या भाषेतले पिक्चर असायचे कोण जाणे, पोस्टरवर नाव इंग्रजीत आणि मधे मधे पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. ती पोस्टरं कन्याशाळेच्या रस्त्यावरच्या फळीवरही लागायची. केबलने दुपार-संध्याकाळचा गल्ला खाल्ला होता, वीजबिल आणि कर चुकत नव्हते, आणि अकराला बाकं भरायची. शेठजींचं गणित बरोबरच होतं. फक्त अकराचा खेळ ज्या थिएटरात असतो तिथे तीनच्या खेळाला घरची बाई जात नाही, हे त्यात धरलेलं नव्हतं. बाकांवर काय असेल, कोण बाहेर पडत असेल, कोण बघेल.

आता सांगून टाकतो. अकरावीत असताना अकराच्या खेळाला मी दोनदा गेलो आहे. दुसऱ्यांदा तिकीट फाडताना गेटकीपर मामांनी माझ्याकडे पाहिलं, तिकीट फाडलं, अर्धं हातात दिलं, काही बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी बाजारात आई आणि ते भेंडीच्या ढिगाशी बोलत उभे दिसले. मी मागच्या मागे पळालो. रात्रभर वाट बघितली. आईने विचारलं ते एवढंच, "मामा म्हणत होते हल्ली तुमच्या आळीतल्या बायका येत नाहीत. काय सांगायचं त्यांना?"

त्या खिडकीला कधी पाटी लागली नाही, बंद झाली म्हणून कोणी बातमी दिली नाही. आतल्या माणसाचं स्टूल बाल्कनीच्या खिडकीशी गेलं. भोकाला आतून फळी मारली. टॉकीज त्यानंतर पंचवीसेक वर्षं चाललं, पण माझ्या लेखी ते तेव्हाच संपलं. टीव्हीने मारलं, मल्टिप्लेक्सने मारलं, मोबाईलने मारलं असं आम्ही गावाकडचे लोक हळहळत सांगतो, तेव्हा मला त्या भेंडीच्या ढिगाची आठवण होते.

मल्टिप्लेक्सचं म्हणाल तर २००१ च्या सुमाराला सरकारने त्यांना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात सवलत दिली आणि एकपडदावाल्यांना दिली नाही, हा अन्याय खराच. जिल्ह्याच्या गावी पहिलं मल्टिप्लेक्स झालं तेव्हा आमच्या घरच्या सगळ्या बायका तिकडे गेल्या. तिकीट चौपट. मी तावातावाने कराचं गणित मांडत होतो. बायको म्हणाली, "तुमच्या टॉकीजमध्ये बाथरूमला कडी होती का?" नव्हती. दोरी होती, आणि ती एकीने बाहेरून धरायची.

डिजिटल आलं तेव्हा मात्र वाटलं होतं की दिवस पालटतील. पेट्या गेल्या, पिक्चर उपग्रहावरून येऊ लागला आणि मुंबईच्या शुक्रवारीच आमचाही शुक्रवार. सहा-आठ महिन्यांचं अंतर एका झटक्यात संपलं. नानांची दोन्ही यंत्रं किलोच्या भावाने भंगारात गेली. नव्या यंत्राला कुलूप होतं, उघडायचा परवाना भलत्याच गावाहून. नाना म्हणाले, "आता माझं काम म्हणजे देवघरातला दिवा लावणं. बटण दाबायचं नि नमस्कार करायचा." वर्षभरात त्यांनी तेही सोडलं.

२०१६ च्या एप्रिलअखेर 'सैराट' आला. राज्यात काही ठिकाणी मध्यरात्रीचे, पहाटेचे खेळ लावावे लागले. आमच्याकडे थर्डमध्ये पोरं नाचली, पत्रे हादरले. मी फोनवरून ऐकत होतो, कारण मी पुण्यात होतो आणि एसीत बसून तोच पिक्चर पाहत होतो. त्याच सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात नोटबंदी. एप्रिलमध्ये ब्लॅकने तिकीट घेणारी पोरं दिवाळीनंतर टॉकीजच्याच ओट्यावर, टॉकीजच्याच सावलीत, मोबाईलवर पिक्चर बघत बसलेली मी स्वतः पाहिली. ओटा गार असतो म्हणून.

बंद पडलेलं टॉकीज पाडावं, तर तेही सोपं नाही. जुनं चित्रपटगृह पाडलं तर नव्या बांधकामातही चित्रपटगृह ठेवा, असा दंडक आपल्याकडे सरकारने घालून ठेवला आहे आणि तो काढा म्हणून मालक मंडळी कितीतरी वर्षं मागणी करताहेत. हेतू चांगला असेल. पण त्यामुळे चालवायलाही परवडत नाही आणि पाडायलाही परवडत नाही, अशी कुलूपबंद टॉकिजं गावोगावी उभी आहेत. वर आमच्यासारखा भाऊबंदकीचा दावा असला की कुलपाला कुलूप. वारसा वगैरे शब्द आमच्या इमारतीला कोणी लावणार नाही. पुण्यात शिकायला आलो तेव्हा मंडईत जायचं तर सगळे म्हणायचे, गाडी आर्यनला लाव. मला वाटायचं आर्यन हे पार्किंगच्या ठेकेदाराचं नाव असावं. नंतर कळलं, १९१५ साली गंगाधर पाठकांनी तिथे पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह उभारलं होतं. १९८३ मध्ये ते पाडलं. पुण्याच्या पहिल्या थिएटरची जिथे ही गत, तिथे आमच्या पत्र्याच्या शेडचा काय पाड.

गेल्या मे महिन्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. आई आता सत्तरीला टेकली आहे. परतताना रिक्षावाल्याला सवयीने टॉकीजपाशी सोड म्हटलं आणि उतरल्यावर आई घराकडे वळायच्या ऐवजी बाजूच्या गल्लीत शिरली. तिकडे आता कोणी जात नाही. रसवंतीवाल्याने चिपाडं टाकलेली, एक मोडकी हातगाडी. भिंतीवरची निळी अक्षरं गेली आहेत, पण भोक आहे. आतली फळी कुजून अर्धी पडली आहे, पलीकडे अंधार. जस्ताची पट्टी कोणीतरी उपटून नेली आहे.

आईने भोकाशी हात नेला, आत घातला नाही. म्हणाली, "किती खाली आहे रे. तेव्हा केवढी उंच वाटायची."

"रस्ता वर आला असेल. तीनदा डांबर पडलंय."

"हं." मग म्हणाली, "पहिल्यांदा आले ना, तेव्हा इथे माझ्या लग्नाच्या चुड्यातल्या दोन वाढल्या. तिकीट हातात आलं पण मी रडायलाच लागले. तुझी आजी विचारेल, काय सांगायचं? मग वाण्याची माई म्हणाली, देवाच्या दारात वाढल्या म्हणून सांग. पिक्चर देवाचाच होता, खोटं थोडंच."

"मग? सांगितलंस?"

"सांगितलं की. आजी म्हणाली, देवाच्या दारात एवढी गर्दी कशाला करता."

चपलेच्या टोकाने ती भिंतीलगतची माती उकरत होती. वर गुटख्याच्या पुड्या, त्याखाली चिपाडाचा भुगा, त्याखाली काळं डांबर. मी विचारलं, काय शोधतेस.

"काही नाही," म्हणाली. "चल, ऊन लागतंय. डोळ्यांत औषध घातलंय माझ्या."

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिने माझा दंड धरून ठेवला होता. ओट्यावर तीन पोरं एका मोबाईलवर वाकून बसली होती. आम्हाला बघून एकाने आवाज कमी केला.